चुडाव्याच्या भाचीस, साडेसात फेऱ्यांविषयी

प्रिय भाचीबाई,

विभागीय स्पर्धेत तीन हजार मीटरला तू चौथी आलीस आणि राज्य स्पर्धा हुकली, हे ताईनं सांगितलं. तू रडली नाहीस, जेवलीसही नीट, असंही म्हणाली. रात्री मात्र तुझा मेसेज आला : "मामा, आपल्या महाराष्ट्रात शाळेत लांब पळणारं कुणी पुढं खरंच मोठं झालंय का, का सगळी पळापळ भरतीपुरतीच?" फोनवर तू नुसतं "हो मामा, हो मामा" करतेस आणि मधेच दाजी फोन घेऊन सोयाबीनच्या भावावर येतात. म्हणून हे पत्र. छापायलाही देतोय, कारण पूर्णा तालुक्यातल्या बऱ्याच लेकरांच्या मनात हाच प्रश्न असणार, आणि उत्तरातला शेवटचा भाग तुझ्यासाठी नाही, गावासाठी आहे.

तर उत्तर : झालंय. एक नाही, बरेच जण. आणि त्यातलं एक नाव शोधायला तुला जिल्ह्याबाहेर जायची गरज नाही.

ज्योती गवते. परभणीची. तिचे प्रशिक्षक रवी रासकटलाही परभणीचेच. २०१७ साली मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत ती पहिली आली, २ तास ५० मिनिटं ५३ सेकंदांत. पुढच्या वर्षी ती दुसरी, २:५०:४७. त्याच्या पुढच्या वर्षी परत दुसरीच, पण वेळ २:४५:४८. दोन्ही वेळा तिच्या पुढं होती उत्तर प्रदेशची सुधा सिंग, म्हणजे ऑलिंपिक खेळलेली बाई. हे आकडे नीट बघ. २०१७ ला ती जिंकली, २०१९ ला हरली. आणि हरली त्या दिवशी ती जिंकलेल्या दिवसापेक्षा पाच मिनिटांनी वेगवान होती. तू चौथी आलीस म्हणतेस, पण वेळ किती लागली ते सांगत नाहीस. मला सरांकडून कळलं, पहिल्यांदाच बारा मिनिटांच्या आत आलीस. मग कितवी आलीस हे विचारणाऱ्याला आधी वेळ सांगत जा. नंबर दुसऱ्यांच्या पळण्यावर ठरतो. वेळ तुझी असते.

आता एक गंमत. २:५०:५३ हा आकडा लक्षात ठेव आणि शंभर वर्षं मागं चल. १९१९ मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांमध्ये खेड्यापाड्यांतून आलेले शेतकरी अनवाणी धावताना दोराबजी टाटांनी पाहिले. दोराबजी जिमखान्याचे अध्यक्ष होते. शर्यतीचं शास्त्र या माणसांना ठाऊक नव्हतं, पण त्यांच्या वेळा युरोपातल्या धावपटूंच्या जवळ जात होत्या. त्यातूनच पुढच्या वर्षी अँटवर्प ऑलिंपिकला भारताचा छोटा संघ गेला. त्या संघातला बेळगावचा फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावला आणि एकोणिसावा आला. वेळ होती २ तास ५० मिनिटं ४५ सेकंद. परभणीची मुलगी आणि बेळगावचा चौगुले यांच्यात आठ सेकंदांचा फरक! अर्थात चौगुलेंचं अंतर जास्त होतं, अँटवर्पची मॅरेथॉन आजच्यापेक्षा अर्ध्या किलोमीटरहून अधिक लांब होती. हे सांगितलं नाही तर तुमचे गणिताचे सर मला सोडायचे नाहीत.

तू विचारलंस ते शाळेतल्या पोरांबद्दल. त्यासाठी नाशिकला जावं लागेल.

त्र्यंबकेश्वरच्या पलीकडं, हरसूलच्या बाजूला सावरपाडा नावाचा आदिवासी पाडा आहे. तिथली कविता राऊत शाळेत अनवाणी पळायची. पळायला काही विकत आणावं लागत नाही, हे तिच्या पळण्याच्या सुरुवातीचं एक कारण. पुढं नाशिकच्या भोसला मिलिटरी स्कूलच्या मैदानावर विजेंदरसिंग या प्रशिक्षकांच्या हाताखाली ती तयार झाली. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरला तिनं कांस्यपदक घेतलं, ३३ मिनिटं ५.२८ सेकंदांत. राष्ट्रकुल स्पर्धेत भारतीय बाईनं ट्रॅकवर मिळवलेलं ते पहिलं वैयक्तिक पदक. त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य. सुवर्ण घेणारी केरळची प्रीजा श्रीधरन तिच्या पुढं एक सेकंदसुद्धा नव्हती. पंचवीस फेऱ्या पळून शेवटी एका सेकंदाच्या आतला निकाल. वर्तमानपत्रांनी तिला 'सावरपाडा एक्सप्रेस' म्हटलं. आपल्या गावातून रोज एवढ्या गाड्या जातात, त्यातली कुठली चुडाव्याला थांबते आणि कुठली धूळ उडवत जाते हे तुला माहीतच आहे. त्यामुळं या नावाचं कौतुक तुला जास्त कळेल.

पण मला कवितापेक्षा तिच्या मागचं सांगायचंय. त्याच मैदानावरून, त्याच प्रशिक्षकांकडून संजीवनी जाधव निघाली. तिनं २०१७ मध्ये तैपेईच्या जागतिक विद्यापीठ स्पर्धेत दहा हजार मीटरचं रौप्य आणलं. मोनिका आथरे निघाली. ती त्याच साली लंडनच्या जागतिक स्पर्धेत मॅरेथॉन धावली. नंदुरबारचा किसन तडवी, दुर्गा देवरे, ताई बामणे ही शाळा-कॉलेजच्या वयात गाजलेली नावंही तिथलीच. नाशिकच्या पाण्यात काही वेगळं आहे असं नाही. एका ठिकाणी रोज सकाळी एक माणूस घड्याळ घेऊन उभा राहिला, लांबून आलेल्या लेकरांची राहण्याची सोय लागली, आणि सोबत पळायला आपल्यापेक्षा थोडं वेगवान कुणीतरी मिळालं. लांब पळणारं पोर एकटं निघत नाही बाई, कळपातून निघतं.

हे जगभर खरं आहे. केनियात इटेन नावाचं गाव आहे, समुद्रसपाटीपासून सुमारे २,४०० मीटर उंचीवर. तिथं सेंट पॅट्रिक्स हे मुलांचं हायस्कूल. १९७६ साली कोल्म ओ'कॉनेल हे आयर्लंडचे ख्रिस्ती ब्रदर तिथं शिकवायला आले. पळण्याचं शिक्षण त्यांनी स्वतः कधी घेतलेलं नव्हतं. पोरांकडं बघत बघत शिकले. त्या शाळेचा पीटर रोनो १९८८ च्या ऑलिंपिकमध्ये १,५०० मीटरला पहिला आला, मॅथ्यू बिरीर १९९२ ला स्टीपलचेसमध्ये. ८०० मीटरचा विश्वविक्रम करणारा डेव्हिड रुडिशाही ओ'कॉनेल यांच्याच तालमीतला. मोठ्या झालेल्या विद्यार्थ्यांच्या नावानं शाळेच्या आवारात झाडं लावलेली आहेत. केनियाच्या उंचीबद्दल, विरळ हवेबद्दल लोक फार बोलतात. असेल त्याचा फायदा. पण डोंगर तर जगात पुष्कळ ठिकाणी आहेत, प्रत्येक डोंगरावर इटेन नाही. उंची आपल्याला मिळणार नाही. शाळा आणि मास्तर मिळू शकतात.

आता आपल्या मराठवाड्याचा माणूस. अविनाश साबळे, बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा. आईबाप वीटभट्टीवर कामाला, शाळा काही किलोमीटर लांब, त्यामुळं जाणं-येणं पायी नाहीतर पळत. शाळेच्या वयात राज्यभर गाजलेलं असं हे नाव नव्हतं, हे मुद्दाम सांगतो. बारावीनंतर तो सैन्यात गेला, पाचव्या महार रेजिमेंटमध्ये. सियाचीनच्या बर्फात राहिला, राजस्थानच्या वाळूत राहिला. २०१५ मध्ये सैन्याच्या क्रॉस कंट्रीत पळायला लागला तेव्हा त्याचं वजनही बरंच वाढलेलं होतं. त्यानंतर तीन वर्षांत, २०१८ ला, ३,००० मीटर स्टीपलचेसचा गोपाल सैनी यांचा ३७ वर्षं टिकलेला राष्ट्रीय विक्रम त्यानं मोडला. मग तो स्वतःचाच विक्रम मोडत सुटला.

स्टीपलचेस म्हणजे तुझीच साडेसात फेऱ्यांची शर्यत, पण वाटेत अडथळे. पुरुषांसाठी तीन फूट उंचीच्या जाड लाकडी फळ्या. पाय लागला तर पडतो आपण, फळी जागची हलत नाही. असे अठ्ठावीस अडथळे आणि वर सात वेळा पाण्याचा खड्डा. २०२४ च्या जुलैत पॅरिसला अविनाशनं हे अंतर ८ मिनिटं ९.९१ सेकंदांत कापलं. आपल्या गावातली पोरं पोलिस भरतीचे सोळाशे मीटर पळतात ना? पाच मिनिटांच्या जवळ आलं की पोरगं गल्लीत कॉलर ताठ करून फिरतं. अविनाशचा वेग सोळाशेला लाव : ४ मिनिटं २१ सेकंद. आणि तिथं तो थांबलेला नाही, अजून चौदाशे मीटर बाकी आहेत, आणि मधे फळ्या आहेत. हे गणित तुझ्या चुलतभावाला करून दाखव. त्याची कॉलर जरा खाली येईल, आणि पळणं जरा वाढेल.

२०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत तो दुसरा आला. १९९८ पासून २०१८ पर्यंत या शर्यतीची तिन्ही पदकं दर वेळी केनियानं घरी नेली होती; त्या रांगेत आष्टी तालुक्याचा माणूस घुसला. पहिल्या आलेल्या अब्राहम किबिवोटपेक्षा त्याला ०.०५ सेकंद जास्त लागले. पुढच्या वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत स्टीपलचेसचं सुवर्ण आणि पाच हजार मीटरचं रौप्य. २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकची अंतिम फेरी, पुरुषांच्या स्टीपलचेसमध्ये भारतासाठी पहिल्यांदाच; तिथं तो अकरावा आला. तू चौथी आलीस म्हणून रात्री मेसेज करतेस. ऑलिंपिकमध्ये अकराव्या आलेल्या माणसाच्या स्वागताला लोक येतात, ते उगाच नाही.

पण तू पोरगी आहेस, त्यामुळं तुझ्यासाठी अविनाशपेक्षा ललिता बाबरची गोष्ट जवळची. सातारा जिल्ह्यातला माण तालुका, मोही गाव. माण म्हणजे दुष्काळाचं दुसरं नाव, आपल्याला ते समजावून सांगायला नको. ललिता आधी खो-खो खेळायची. मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत तिनं लागोपाठ विजय मिळवले, आणि नंतर मॅरेथॉन सोडून स्टीपलचेसकडं वळली. लोक सहसा उलट जातात, आधी कमी अंतर आणि वय वाढलं की जास्त. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये प्राथमिक फेरीत ती ९ मिनिटं १९.७६ सेकंदांत पळाली, राष्ट्रीय विक्रम. अंतिम फेरीत दहावी आली. ऑलिंपिकमध्ये ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीची अंतिम फेरी गाठणारी तिच्या आधीची भारतीय बाई होती पी. टी. उषा, आणि ते साल होतं १९८४. मधली बत्तीस वर्षं रिकामी. तिचा तो विक्रम २०२३ पर्यंत टिकला, मग मेरठच्या पारुल चौधरीनं मोडला. ललिता पुढं महसूल खात्यात अधिकारी झाली.

तुझी आजी म्हणते, पोरीच्या जातीला एवढं लांब पळणं सोसत नाही. आजीवर चिडू नको. हे म्हणणारी ती एकटी नव्हती, कोटटाय घातलेले युरोपातले मोठे मोठे लोक हेच म्हणत होते. १९२८ ला ऑलिंपिकमध्ये बायकांची ८०० मीटर झाली, शेवटी काही जणी दमून खाली बसल्या, तेवढ्यावरून ती शर्यत काढून टाकली आणि थेट १९६० ला परत आणली. बायकांची मॅरेथॉन १९८४ ला आली. बायकांची स्टीपलचेस तर २००८ ला, म्हणजे तुझ्या जन्माच्या थोडीच आधी. आजीला एवढंच सांग की साहेबांचं मत बदललं. आजी साहेबांपेक्षा हुशार आहे, तिचंही बदलेल.

आता जरा रागवायचं आहे. गेल्या महिन्यात कुणीतरी तुला नांदेडच्या एकवीस किलोमीटरच्या शर्यतीत नाव घाल म्हणालं, बक्षीस रोख आहे म्हणून. नाही. अजिबात नाही. ओडिशाच्या बुधिया सिंगची गोष्ट ऐक. २००६ च्या मे महिन्यात पुरीहून भुवनेश्वरला त्याला पासष्ट किलोमीटर पळवलं. वय चार वर्षं! देशभर टाळ्या वाजल्या, कॅमेरे आले, मग सरकारनं त्याचं असलं पळणं बंद केलं. तो पोरगा मोठेपणी ऑलिंपिकमध्ये दिसला का? तूच शोध. पंधराव्या वर्षी हाडं अजून वाढत असतात. डांबरावर रोज लांबचं पळून नडगीत दुखणं सुरू झालं की वर्ष वाया जातं. शाळेच्या खेळांत चौदा, सतरा, एकोणीस असे वयोगट आणि वयाप्रमाणं वाढत जाणारी अंतरं ठेवलीत ती उगाच नाहीत. मुंबई मॅरेथॉनच्या पूर्ण अंतरालाही अठरा वर्षं पुरी असावी लागतात. तुझ्याकडं वेळ आहे. वर सांगितलेल्यांपैकी बहुतेकांचं नाव विशीनंतर झालं. शाळेतला पहिला नंबर टिकतोच असं नाही, आणि शाळेतला चौथा नंबर गळ्यात बांधून फिरायचाही नसतो.

खाण्याचं ताईला वेगळं सांगितलंय, तरी तुलाही. उपाशीपोटी पळून आल्यावर नुसता चहा पिऊन शाळेत जाऊ नको. ज्वारीची भाकरी, डाळ, पालेभाजी, अंडं चालत असेल तर अंडं, शेंगदाणे आणि गूळ. महागड्या डब्यातल्या पावडरी नको. वर्षातून एकदा सरकारी दवाखान्यात हिमोग्लोबिन तपासून घे; आपल्याकडच्या पोरींच्या अंगात रक्त कमी असतं आणि मग दम लागला की सगळे म्हणतात, हिच्यात जीवच नाही. पाळी पळण्यामुळं अनियमित झाली तर लपवू नको, आईला सांग, डॉक्टरांना सांग. ते बरं लक्षण नसतं. कुणी कसली गोळी दिली, इंजेक्शन देतो म्हणालं, किंवा वय कमी दाखवून खालच्या गटात पळवतो म्हणालं, तर त्या माणसाचं नाव मला कळव. पुढं काय करायचं ते मी बघतो.

आणि भरतीची लाज वाटू देऊ नको. तुझ्या मेसेजमध्ये "भरतीपुरतीच" असं लिहिलंस, त्यात थोडा तुच्छपणा आला. अविनाश भरती होऊनच पुढं गेला. आपल्या भागात पहाटे पाचला जी पोरं रस्त्याकडेनं धावतात, त्यांना वर्दी हवी आहे. पाच-दहा एकर कोरडवाहू काळ्या रानावर दोन भावांचं भागत नाही, म्हणून हवी आहे. भरतीत मुलांना सोळाशे मीटर आणि मुलींना आठशे, म्हणून पोरं तेवढंच पळतात. भरती झाली की बूट खुंटीला. या शंभर पोरांत एखाद्याचं फुप्फुस अविनाशसारखं असेल, पण सोळाशेच्या पुढं त्याला कुणी पळवूनच बघितलं नाही, तर ते कळणार कसं?

म्हणून आता गावाशी बोलतो. सरपंच, मुख्याध्यापक, तरुण मंडळ, सगळ्यांशी.

आपली पोरं-पोरी डांबरी रस्त्यावर पळतात. पहाटे अंधार, समोरून उसाचे ट्रॅक्टर, मागून नांदेडकडं सुटलेल्या जीपा. पोरींना तर अंधारात रस्त्यावर पाठवायलाच आयाबाया तयार नसतात, आणि त्यांचं चुकत नाही. पावसाळ्यात रानात पळावं तर काळी माती पायाला किलोकिलोनं चिकटते, उन्हाळ्यात तिलाच पाय मुरगळतील अशा भेगा पडतात. चारशे मीटरच्या पूर्ण धावपट्टीला चार एकर जागा लागते. गायरानात तेवढी निघाली तर उत्तम. नाही निघाली तर शाळेच्या मैदानावर दोनशे मीटरचं वर्तुळ आखा. तीन हजाराला पंधरा फेऱ्या होतील, मोजायला उलट सोपं. रबराचा लाल ट्रॅक कुणी मागत नाही. काळी माती फूटभर उकरून मुरूम भरा, रोलर फिरवा, कडेनं पाण्याचा चर काढा, चुन्याची रेघ मारा. चार खांबांवर दिवे लावा. सकाळी पाच ते सात एक जबाबदार माणूस तिथं उभा राहील, घड्याळ आणि वही घेऊन, आणि प्रत्येकाची वेळ तारखेसकट लिहून ठेवील, एवढं बघा. भरतीची पोरं आणि शाळेच्या पोरी एकाच वेळी पळू द्या. मोठ्यांच्या मागं पळून लहान शिकतात, आणि पन्नास जण असले की कुठल्या आईला काळजी राहत नाही.

गणपतीची वर्गणी गोळा होईल तेव्हा मांडवाच्या एका दिवसाचा खर्च या मुरमासाठी बाजूला काढा. माझे पैसे मी ताईकडं आधीच देऊन ठेवलेत. मंडळानं तिच्याकडून पावती देऊन घेऊन जावेत.

तुझा,
मामा